घरगुती मत्स्यपेटी : झाशीच्या हवेत पाण्याची निगा

काचेच्या पेटीत रंगीत मासे पाळण्याची हौस आता लहानमोठ्या सर्व शहरांत पसरली आहे. समुद्रापासून सुमारे सातशे किलोमीटर आत असलेल्या झाशीतही दुकानांत, दवाखान्यांत आणि घरांच्या बैठकीत अशा पेट्या दिसतात. परंतु ज्यांनी ही हौस केली आहे, त्यांतील पुष्कळांचा अनुभव एकसारखा असतो. पेटी आणली, त्याच दिवशी पाणी भरले, त्याच दिवशी दहाबारा मासे सोडले. आठवडाभर सारे घर पेटीभोवती जमले. आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मासे एकामागून एक मरू लागले. पाणी बदलले, वाळू धुतली, औषध घातले, तरी उपयोग झाला नाही. शेवटी रिकामी पेटी गच्चीवर गेली आणि ‘आमच्या गावचे पाणी माशांना मानवत नाही’ असा निष्कर्ष काढण्यात आला.

ह्या निष्कर्षात सत्याचा एक अंश आहे. मासे मेले ते पाण्यामुळेच. मात्र दोष झाशीच्या पाण्याचा नसून नव्या पाण्याचा होता. मत्स्यपेटीत आपण मासे पाळतो असे म्हणतो खरे, पण पाळावयाचे असते ते पाणी. ते नीट राखले तर माशांची निराळी काळजी फारशी घ्यावी लागत नाही. ही निगा म्हणजे नेमके काय, आणि जेथे उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जातो व पौष महिन्यातील काही रात्री ५ अंशांच्या आसपास उतरतो, अशा गावी ती कशी राखावी, ह्याचा येथे विचार करावयाचा आहे.

पेटीतील अदृश्य कामकरी

बंद पात्रात मासे दीर्घकाळ जगू शकतात, हे शास्त्रीय रीतीने दाखवून देणाऱ्यांत लंडनचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन ह्याचे नाव घ्यावे लागते. १८५० साली त्याने एका पात्रात सोनेरी मासे, व्हॅलिसनेरिया नावाची पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून केलेल्या प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध केली. वनस्पती उजेडात प्राणवायू सोडते आणि तो माशांना मिळतो. माशांच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड वनस्पती घेते. कुजकी पाने गोगलगायी खातात. असे चक्र त्याने मांडले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले, आणि पुढच्याच वर्षी फिलिप गॉस ह्याच्या ग्रंथाच्या नावातून ‘अक्वेरियम’ हा शब्द रूढ झाला.

वॉरिंग्टनचे चक्र सुंदर होते, पण त्यात एक महत्त्वाचा दुवा गळला होता. मासा अन्नातील प्रथिने पचवितो तेव्हा त्यांतील नको असलेला नायट्रोजन तो मुख्यतः कल्ल्यांवाटे, अमोनियाच्या रूपाने, पाण्यात सोडतो. न खाल्लेले अन्न कुजले म्हणजेही अमोनियाच तयार होतो. नदीत तो वाहून जातो व विरळ होतो. पेटीत तो तेथेच साचतो, आणि माशांना तो तीव्र विषासारखा बाधतो. ह्या विषाचा निकाल लावणारे सूक्ष्मजंतू निसर्गात सर्वत्र आहेत. काही जंतू अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारीच आहे. पण दुसऱ्या प्रकारचे जंतू त्याचे नायट्रेट बनवितात, आणि नायट्रेट मासे बऱ्याच प्रमाणात सहन करू शकतात. वनस्पती तर ते खत म्हणून शोषून घेतात. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्रादस्की ह्याने १८९० च्या सुमारास हे जंतू वेगळे करून दाखविले. हा विषय जुना झाला असे मात्र समजू नये. ही दोन्ही कामे एकटाच करणारा जंतू असतो, हे २०१५ मध्ये सिद्ध झाले. आणि तसे सिद्ध करणाऱ्या दोन संशोधक-गटांपैकी एकाला तो मत्स्यपालनाच्या गाळणीतच सापडला.

हे जंतू मोकळ्या पाण्यात थोडे असतात. त्यांची वस्ती वाळूच्या कणांवर, गाळणीच्या स्पंजात, दगडांवर आणि पानांवर पातळ बुळबुळीत थराच्या रूपाने असते. ते फार सावकाश वाढतात. नवी पेटी पाण्याने भरली म्हणजे पहिल्या एकदोन आठवड्यांत अमोनिया वाढतो. मग तो उतरू लागतो आणि नायट्राइट चढते. तेही उतरून नायट्रेट दिसू लागण्यास चार ते सहा आठवडे लागतात. ज्या आठवड्यांत मासे मरतात असे वर सांगितले, ते नेमके हेच होत. अशा वेळी घाबरून वाळू नळाखाली धुणे म्हणजे आजारी माणसाच्या घरातून वैद्याला हाकलून देण्यासारखे आहे. कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन उरलेल्या जंतूंचाही नाश करतो.

ह्यावर उपाय सोपा आहे, फक्त त्याला धीर लागतो. पेटी मांडून, पाणी भरून, गाळणी व हवेचा पंप चालू करून ती महिना-दीड महिना माशांवाचून चालू द्यावी. रोज चिमूटभर मत्स्यान्न टाकावे, म्हणजे जंतूंना अमोनिया मिळत राहील. ओळखीच्या कोणाची जुनी, निरोगी पेटी असेल, तर तिच्या गाळणीतील मळका स्पंज मागून आणावा आणि तो ओला असतानाच आपल्या गाळणीत ठेवावा. त्यायोगे हा काळ पुष्कळ कमी होतो. अमोनिया व नायट्राइट तपासण्याची रसायने दुकानांत मिळतात. शाळेच्या प्रयोगशाळेत रोज दोन थेंब टाकून मिळणाऱ्या आकड्यांचा आलेख महिनाभर काढला, तर कोणत्याही पाठ्यपुस्तकातील आकृतीपेक्षा तो अधिक शिकवील. ही दोन्ही विषे शून्यावर आली म्हणजे दोन-तीन मासे सोडावेत, आठवड्याने आणखी दोन-तीन. एकदम सर्व नव्हे.

एक ग्रॅम अन्नाचा हिशेब

विकत मिळणाऱ्या मत्स्यान्नात साधारणतः ४० टक्के प्रथिने असतात, आणि प्रथिनांच्या वजनाचा सुमारे १६ टक्के भाग नायट्रोजनचा असतो. म्हणजे एक ग्रॅम अन्नात सुमारे ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन आला. तो १०० लिटर पाण्यात सगळाच्या सगळा अमोनिया होऊन विरघळला, तर दर लिटरमागे ०.६४ मिलिग्रॅम होईल. आकडा लहान दिसतो. तो किती घातक आहे, हे मात्र पाण्याची जात आणि तापमान ह्या दोन गोष्टींवर अवलंबून असते, आणि झाशीच्या दृष्टीने ह्या हिशेबातील कळीची गोष्ट हीच आहे.

अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. एक विद्युत्भारित रूप. ते कल्ल्यांतून सहजासहजी आत शिरत नाही. दुसरे मुक्त रूप. खरे विष ते. अम्लधर्मीही नाही आणि अल्कधर्मीही नाही अशा, म्हणजे पीएच ७ असलेल्या पाण्यात ३० अंश तापमानाला एकूण अमोनियापैकी मुक्त भाग शेकडा एकाहूनही कमी असतो. पीएच ८ झाला की तोच भाग साडेसात टक्क्यांच्या जवळ जातो. तेच पीएच ८ चे पाणी २० अंशांवर असेल, तर चार टक्क्यांच्या आत राहतो. बुंदेलखंडाच्या खडकाळ जमिनीतून हातपंपाने वर येणारे पाणी बहुधा जड असते. ते उकळणाऱ्या भांड्यांच्या तळाशी बसणारा पांढरा थर प्रत्येक गृहिणीच्या परिचयाचा आहे. असे पाणी अल्कधर्मी बाजूला झुकते. त्यात उन्हाळ्याची भर पडली म्हणजे एका ग्रॅम अन्नातून निघालेल्या ०.६४ मिलिग्रॅमपैकी जवळजवळ ०.०५ मिलिग्रॅम मुक्त अमोनिया होतो, आणि एवढ्याने पुष्कळ माशांच्या कल्ल्यांना इजा होऊ लागते. पाहुण्यांच्या मुलांनी कौतुकाने टाकलेली मूठभर पोळी किंवा दाणे काय करू शकतात, ते ह्यावरून समजावे.

म्हणून अन्न दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे, आणि आठवड्यातून एक दिवस मुळीच देऊ नये. मासा हा शीत रक्ताचा प्राणी असल्यामुळे शरीर उबदार ठेवण्यासाठी त्याला अन्न जाळावे लागत नाही. उपवासाने तो क्वचितच मरतो. आपण आप्तेष्टांना आग्रहाने वाढतो तसा आग्रह येथे कामाचा नाही.

दर आठवड्याला पेटीतील सुमारे पाचवा हिस्सा पाणी नळीने ओढून काढावे आणि तेवढेच ताजे घालावे. झाशी शहराला नळाने मिळणारे पाणी मुख्यतः बेतवा नदीवरील माताटीला धरणाचे असते. ते शुद्ध करताना क्लोरीन घातलेला असतो. उघड्या बादलीत एक दिवस ठेवल्यास साधा क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटाचे दोनचार खडे उपयोगी पडतात; छायाचित्रकार ‘हायपो’ म्हणून वापरीत ते हेच रसायन. गाळणीतील स्पंज पिळावयाचा झाल्यास तो काढून घेतलेल्या जुन्या पाण्यातच पिळावा, नळाखाली नव्हे.

वैशाखापेक्षा आषाढ कठीण

एक लिटर हवेत सुमारे २७० ते २८० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लिटर पाण्यात तो किती मावेल? २० अंशांवर ९.१ मिलिग्रॅम, ३० अंशांवर ७.६, आणि ३५ अंशांवर सुमारे ७. म्हणजे मासा मुळातच अत्यंत विरळ साठ्यावर जगतो, आणि पाणी तापले की तो साठा आणखी आकसतो. उलट त्याच्या शरीरातील क्रिया दर १० अंशांमागे जवळजवळ दुपटीने वाढतात, म्हणून त्याला प्राणवायू अधिक हवा असतो. उन्हाळ्याच्या पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंड लावून भराभर श्वास घेताना दिसतात, त्याचे कारण हे. रात्री वनस्पती प्राणवायू सोडीत नाहीत, उलट त्याही घेतात. म्हणून पहाटेची वेळ सर्वांत वाईट.

पाण्यात प्राणवायू येतो तो मुख्यतः पृष्ठभागावाटे. पंपाचे बुडबुडे वर जाताना स्वतः थोडाच प्राणवायू देतात. त्यांचा खरा उपयोग पाणी ढवळून खालचे पाणी वर आणण्याचा. म्हणून पेटी उंच व अरुंद नसावी, लांब व रुंद असावी. सोनेरी माशांसाठी विकल्या जाणाऱ्या गोल काचेच्या हंड्या ह्या दृष्टीने अगदी निरुपयोगी आहेत. गळ्यापर्यंत भरल्या म्हणजे त्यांचा पृष्ठभाग वाटीएवढा उरतो. त्या विकण्याची पद्धत बंद पडावी असेच प्रस्तुत लेखकाला वाटते.

९० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ४० उंच ही पेटी घरासाठी योग्य. वाळू व वरची मोकळी जागा सोडून तिच्यात सुमारे १२० लिटर पाणी मावते. हे वजन एका धष्टपुष्ट माणसाहून अधिक झाले. तेव्हा तकलादू मेजावर ती ठेवू नये. काठोकाठ भरल्यास पुढच्या काचेवरच एकूण सुमारे ७२ किलोग्रॅमचा दाब येतो. (विद्यार्थ्यांनी तो काढून पाहावा : तळाशी दर चौरस सेंटिमीटरला ४० ग्रॅम, वर शून्य, सरासरी २०, आणि काच ३,६०० चौरस सेंटिमीटर.) पूर्वी लोखंडी कोनपट्ट्यांच्या चौकटीत लांबी भरून काचा बसवीत असत, आता सिलिकोनने काचेला काच चिकटविली जाते आणि गंजाची भीती राहिलेली नाही. जुन्या नियमाप्रमाणे उष्ण प्रदेशीय माशांच्या लांबीच्या दर सेंटिमीटरला २५ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग हवा. त्या हिशेबाने ह्या पेटीत चार सेंटिमीटरांचे ३६ मासे राहू शकतील. झाशीच्या उन्हाळ्यासाठी ही संख्या निम्मी करून अठरा धरावी.

पाणी थंड कसे ठेवावे? येथे बुंदेलखंडातील घरांना कोणी शिकवावयास नको. माठ, सुरई आणि खसाचे ओले पडदे ज्या तत्त्वावर चालतात, तेच तत्त्व पेटीलाही लागू आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. १२० लिटरांच्या पेटीतून एक लिटर पाणी उडाले, तर बाहेरून येणारी उष्णता सोडून दिल्यास उरलेले पाणी जवळजवळ पाच अंशांनी थंड होईल. ह्याउलट एक लिटर बर्फ वितळताना फक्त ८० किलोकॅलरी घेतो. त्याने पेटी एका अंशानेही उतरत नाही. पेटीचे काचेचे झाकण काढून त्या जागी जाळी घालावी आणि एक लहान पंखा पृष्ठभागावरून तिरपा वाहू द्यावा. बर्फाच्या बाटल्यांपेक्षा हा उपाय स्वस्त व परिणामकारक आहे.

मात्र त्यालाही मर्यादा आहे. बाष्पीभवनाने पाणी ज्या तापमानाच्या खाली जाऊ शकत नाही, ते तापमान ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकावर दिसते. मे महिन्याच्या दुपारी हवा ४४ अंशांवर व आर्द्रता १५ टक्के असताना हा ओला तापमापक सुमारे २३ अंश दाखवितो. जुलैमध्ये हवा ३४ अंशांवर व आर्द्रता ७५ टक्के असताना तो ३० अंशांवर अडतो. म्हणजे ज्या महिन्यात लू वाहते आणि माणसे घराबाहेर पडत नाहीत, त्या महिन्यात पंख्याने पेटी राखता येते; आणि पहिल्या पावसाने माणसांना हायसे वाटते, तेव्हा पेटीचे कठीण दिवस सुरू होतात. त्या दिवसांत अन्न निम्मे करावे, पाणी अधिक वेळा बदलावे आणि पंप रात्रंदिवस चालू ठेवावा.

वीज गेल्यास पंप थांबतो, आणि केवळ माशांचाच नव्हे तर गाळणीतील जंतूंचाही प्राणवायू तुटतो. घट्ट बंद गाळणी काही तास थांबून पुन्हा सुरू झाली, तर आतील कुजलेले पाणी पेटीत येते. म्हणून ती आधी उघडून पेटीतल्याच पाण्याने विसळावी. विजेरीवर चालणारा लहान हवा-पंप घरात असावाच. तो नसेल तर तांब्याने पाणी उचलून उंचावरून परत पेटीत ओतीत राहावे. हे काम मुले उत्साहाने करतात.

हिवाळ्याबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. १२० लिटर पाणी एका अंशाने तापविण्यास १२० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे १४० वॅट-तास लागतात. १०० वॅटचा तापक ते काम जवळजवळ दीड तासात करील. त्यामुळे मोठी पेटी एका रात्रीत एकदम गारठत नाही, लहान हंडी मात्र गारठते. आपोआप बंद होणारा तापक घ्यावा, आणि पाणी बदलताना त्याचा खटका आधी बंद करावा.

कोणते मासे ठेवावेत

‘उष्ण प्रदेशीय मासे’ ह्या शब्दांनी आपल्या डोळ्यांपुढे ॲमेझॉनचे अरण्य उभे राहते. गंमत अशी की झाशी कर्कवृत्ताच्या सुमारे दोनशे किलोमीटर उत्तरेस असल्यामुळे काटेकोर अर्थाने उष्ण कटिबंधाच्या बाहेर आहे. आणि तरीही जगभरच्या पेट्यांत ‘उष्ण प्रदेशीय’ म्हणून मिरविणारे कित्येक मासे झाशीच्याच नद्यांच्या खोऱ्यातील आहेत. बेतवा ओरछ्यावरून वाहत जाऊन हमीरपूरजवळ यमुनेस मिळते, आणि यमुना गंगेस. ह्या गंगेच्या खोऱ्यातील माशांचे वर्णन ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतील स्कॉटिश वैद्य फ्रान्सिस हॅमिल्टन ह्याने १८२२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केले. त्यात २६९ जाती आहेत, आणि त्यांतील पुष्कळांना त्याने कोळ्यांच्या तोंडची देशी नावेच लॅटिन वेष चढवून दिली. रोहू, कटला, चंदा ही नावे शास्त्रात गेली ती अशी.

ह्याच ग्रंथात झेब्रा माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन आहे. निळ्या-रुपेरी पट्ट्यांचा, बोटभर लांबीचा हा मासा शेतांच्या कडेच्या उथळ पाण्यात राहतो, थंडीउन्हाचे मोठे फरक सोसतो आणि जड पाण्यात सुखाने नांदतो. त्याची अंडी आईच्या शरीराबाहेर वाढतात व पारदर्शक असतात, म्हणून हृदय, डोळे, पाठीचा कणा कसा घडत जातो ते सूक्ष्मदर्शकातून प्रत्यक्ष दिसते. अमेरिकेत ओरेगन विद्यापीठातील जॉर्ज स्ट्राइसिंगर ह्याने १९८१ मध्ये ह्या माशावरील महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध केले, आणि आज जगातील शेकडो प्रयोगशाळांत तो पाळला जातो. २०१३ मध्ये त्याच्या संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना त्याच्यात जोडीदार जनुक आढळले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही त्याच्यावर काम चालते. झाशीच्या दुकानात काही रुपयांस मिळणारा हा मासा परदेशी आहे असे विकणाराही समजतो आणि घेणाराही.

त्याच्या जोडीला गुलाबी बार्ब घ्यावा. हा उत्तर भारतात पोठिया म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या माशांचा भाऊबंद. त्याच ग्रंथात वर्णिलेले बुटके व मधुरंगी गोरामी हे तर झाशीच्या उन्हाळ्यासाठीच घडविलेले वाटावेत. त्यांच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, घड्या पडलेला एक विशेष अवयव असतो. पृष्ठभागावर येऊन ते हवेचा घोट घेतात आणि तिच्यातील प्राणवायू थेट वापरतात. नर तोंडाने फेसाचे घरटे बांधून अंड्यांची राखण करतो. काचेसारखा आरपार दिसणारा चंदा मासाही सुंदर, पण तो कोरडे अन्न घेण्यास नाखूश असतो. त्याला डासांच्या अळ्या किंवा पाणपिसवा द्याव्या लागतात. ह्याउलट ॲमेझॉनच्या मृदू, आम्लधर्मी पाण्यातील निऑन टेट्रा व डिस्कस हे मासे नवशिक्याने झाशीत घेऊ नयेत. त्यांच्यासाठी पाणीच दुसरे बनवावे लागते.

काच स्वच्छ ठेवणारा म्हणून विकला जाणारा काळा, चिलखती ‘सकर’ मासा घेण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. दुकानात तो अंगठ्याएवढा असतो. वाढला म्हणजे हातभर होतो, मग तो पेटीत मावत नाही आणि लोक त्याला तळ्यात नेऊन सोडतात. हा दक्षिण अमेरिकेतील मासा अशाच दयाबुद्धीने भारतातील अनेक जलाशयांत व गंगेतही पोहोचला आहे. तो काठ पोखरतो, जाळी फाडतो आणि देशी माशांचे अन्न व जागा बळकावतो. महालक्ष्मी मंदिराजवळचा लक्ष्मी ताल असो, पहूज असो की बेतवा असो, पेटीतला कोणताही मासा तेथे सोडू नये; नको झालेला मासा दुकानदाराला किंवा दुसऱ्या पेटीवाल्याला द्यावा. नदीतून मासे आणण्याचा मोहही आवरावा. ओरछ्याजवळचा बेतवेचा भाग अभयारण्यात येतो.

झाशीत समुद्र

मराठी माणसाची समुद्रातील माशांशी काचेतून झालेली पहिली भेट पुष्कळदा मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात झालेली असते. मरीन ड्राइव्हवरील ह्या मत्स्यालयाचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते १९५१ साली झाले. तेथे समुद्र दाराशी होता. झाशीत तो घरी बनवावा लागतो.

साधे खाण्याचे मीठ पाण्यात विरघळवून समुद्र बनत नाही. एक किलोग्रॅम समुद्रपाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांच्या वजनात क्लोराइड ५५ टक्के व सोडियम ३० टक्के. हे मिठाचे घटक झाले. पण उरलेल्या भागात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि इतर अनेक द्रव्ये ठरलेल्या प्रमाणात असतात, आणि त्यांवाचून समुद्रजीव जगत नाहीत. म्हणून तयार क्षारमिश्रण वापरावे लागते. १२० लिटरांस ते सुमारे सव्वाचार किलोग्रॅम लागते.

गोड्या पाण्यातील माशाच्या शरीरात बाहेरचे पाणी सतत शिरत असते. तो पाणी जवळजवळ पीत नाही आणि भरपूर पातळ लघवी करतो. समुद्रातील माशाचे उलट आहे. खाऱ्या पाण्यात बुडालेला असूनही त्याच्या शरीरातील पाणी बाहेर ओढले जाते. तो समुद्र पितो आणि जास्तीचे मीठ कल्ल्यांतील खास पेशींवाटे बाहेर टाकतो. ह्या ओढाताणीमुळे क्षारतेतील अचानक फरक त्याला सोसवत नाही. शिवाय त्याच तापमानाच्या समुद्रपाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा सुमारे एक-पंचमांश कमी मावतो. आणि समुद्राचा पीएच आठाच्या वर असल्यामुळे अमोनियाचे विष अधिक जोरकस असते. गोड्या पाण्याची पेटी निदान एक वर्ष सांभाळल्यावाचून ह्या वाटेला जाऊ नये.

घ्यावयाचाच झाला तर विदूषक मासा घ्यावा, आणि तो समुद्रातून पकडलेला नसून पिंजऱ्यात जन्मलेला आहे ह्याची खात्री करावी. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केरळातील विळिंजम येथे ह्या माशांच्या प्रजननाच्या पद्धती बसविल्या आहेत. प्रवाळखडकांवरील इतर कित्येक मासे अजून पकडूनच आणले जातात, आणि काही देशांत त्यासाठी सायनाइड फवारून मासे गुंगविण्याची दुष्ट पद्धत चालत आली आहे. समुद्रघोडे व दगडी पोवळी ह्यांना भारतात २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. ती विकत घेऊ नयेत, मग विकणारा काहीही सांगो.

समुद्री पेटीतून उडते ते नुसते पाणी. मीठ मागे राहते. १२० लिटरांच्या पेटीतून उन्हाळ्यात रोज तीन लिटर उडाले आणि ती तूट खाऱ्या पाण्याने भरली, तर दहा दिवसांत एक किलोग्रॅमहून अधिक जास्तीचे क्षार पेटीत जमतील आणि क्षारता ३५ वरून ४४ च्या घरात जाईल. म्हणून काचेवर पाण्याच्या पातळीची एक रेघ काढून ठेवावी आणि रोज सकाळ-संध्याकाळ तिथवर फक्त गोडे पाणी घालावे. घरातील शुद्धीकरण यंत्राचे पाणी ह्यासाठी चांगले. मे महिन्यात पंख्याच्या मदतीने ही पेटी २६ अंशांच्या आसपास राखणे झाशीत शक्य आहे. जुलैमध्ये, ओला तापमापकच ३० दाखवीत असताना, पंखा ते काम करू शकत नाही. तेव्हा पाणी थंड करणारे विजेचे यंत्र किंवा वातानुकूलित खोली हवी. ज्याला समुद्र पाळावयाचा आहे त्याने क्षारांची पिशवी उघडण्यापूर्वी ह्या यंत्राची किंमत आणि आपल्या मोहल्ल्यात पावसाळ्यात वीज किती तास जाते, ह्या दोन गोष्टी लिहून काढाव्यात.